आळ रडारवर, दोष दुसरीकडे

ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल ही चालकाने ठरवून दिलेला वेग राखणारी, आणि पुढे वाहन आले की त्याच्यामागे अंतर ठेवून आपोआप हळू होणारी यंत्रणा. ती बिघडली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो आणि ‘क्रूझ कंट्रोल उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. त्यातून काय बंद झाले एवढे कळते, काय बिघडले ते कळत नाही. कारण ही यंत्रणा स्वतः फार थोडे पाहते. बाकी सगळे काम ती इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके यांच्याकडून येणाऱ्या खबरीवर करते, आणि त्यातली एखादी खबर संशयास्पद वाटली की अंग काढून घेते. तेव्हा दोष शोधायचा म्हणजे तिने कोणाच्या खबरीवर विश्वास ठेवायचे नाकारले, ते शोधायचे. ही पायरी गाळून थेट पुढचे वाहन पाहणारे रडार बदलले, तर मालकाच्या खिशाला मोठी चाट बसते आणि दिवा बहुधा पुन्हा लागतो.

छत्रपती संभाजीनगरात हा प्रश्न समृद्धी महामार्गाबरोबर आला, असे म्हणायला हरकत नाही. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता शहराच्या उत्तरेकडून जातो; सावंगी आणि माळीवाडा येथून त्यावर चढता येते. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, दुचाकी-तीनचाकींना बंदी आणि लांबच लांब सरळ काँक्रीट : क्रूझ कंट्रोलला याहून सोयीचा रस्ता मराठवाड्यात दुसरा नाही. वाळूजला १९८५पासून बजाजच्या आणि शेंद्र्याला २००१पासून स्कोडाच्या गाड्या तयार होताना पाहिलेल्या या शहराला यंत्रांचे नवल नाही. इंजिनच्या आवाजावरून दुखणे ओळखणारे मिस्त्री इथे आहेत. पण या बिघाडाला आवाज नसतो.

साध्या क्रूझ कंट्रोलचे पेटंट राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याला १९५०मध्ये मिळाले. टीटर लहानपणीच अंध झाले होते. १९५८मध्ये क्रायस्लरने ही सोय आपल्या इम्पीरियल गाडीत दिली. ती फक्त वेग धरून ठेवत असे. पुढे काय आहे याच्याशी तिला देणेघेणे नव्हते. पुढचे वाहन पाहून वेग कमी करणारी पद्धत मित्सुबिशीने १९९५मध्ये जपानमध्ये आणली. तिच्यात लेसर होता, पण ब्रेक लावण्याची मुभा नव्हती. थ्रॉटल सोडून आणि गिअर उतरवूनच ती भागवत असे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीझने रडार बसवले आणि ब्रेकही यंत्रणेच्या हाती दिला. भारतात २०२०मध्ये एमजी ग्लॉस्टर आणि २०२१मध्ये महिंद्रा एक्सयूव्ही ७०० या गाड्यांनंतर ही सोय झपाट्याने पसरली, आणि आता ती मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळते.

रडार गाडीच्या तोंडाशी असते : काही गाड्यांत कंपनीच्या चिन्हामागे, काहींत बंपरच्या खालच्या जाळीत. ते ७६ ते ७७ गिगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी सोडते. या लहरींची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर असते, हा आकडा पुढे बऱ्याच गोष्टींचा उलगडा करतो. परत आलेल्या लहरीला लागलेल्या वेळावरून अंतर कळते, आणि तिच्या वारंवारितेत पडलेल्या फरकावरून पुढच्या वाहनाचा सापेक्ष वेग. पुढच्या काचेच्या वरच्या बाजूला असलेला कॅमेरा लेनच्या रेषा पाहतो आणि समोरची वस्तू ट्रक आहे की मोटार ते ठरवतो. काही कंपन्या रडार न बसवता एकट्या कॅमेऱ्यावरच काम भागवतात. स्टिअरिंगचा कोन आणि गाडीचे वळणे मोजणारा सेन्सर मिळून रस्ता किती वळतो आहे याचा अंदाज देतात, म्हणजे शेजारच्या लेनमधल्या ट्रकला यंत्रणा आपल्या पुढचा समजत नाही. मग इंजिनला ‘ताकद कमी कर’ किंवा ब्रेकच्या युनिटला ‘दाब दे’ असा निरोप जातो. या सगळ्यांचे बोलणे दोन तारांच्या कॅन या जाळ्यावरून चालते.

अंतर मीटरमध्ये नव्हे, सेकंदांत ठरवलेले असते. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ मीटर. दोन सेकंदांचे अंतर म्हणजे ६७ मीटर. चालक जेव्हा ‘यंत्रणा फार लांबून हळू होते’ किंवा ‘फार जवळ जाते’ अशी तक्रार आणतो, तेव्हा पुष्कळदा स्टिअरिंगवरचे अंतराचे बटण कधीतरी दाबले गेलेले असते. हा बिघाड नव्हे.

बिघाड आणि मर्यादा यांत फरक करणे हे निदानातले पहिले आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. सर्वांत धोकादायक गैरसमज उभ्या वाहनाबद्दल आहे. रस्त्याकडेचे लोखंडी कठडे, कमानी, फलक आणि वरून जाणारे पूल हेही रडारला उभ्या वस्तू म्हणूनच दिसतात. त्या प्रत्येकीला पाहून ब्रेक लागला तर गाडी चालवणे अशक्य होईल, म्हणून लांबवर उभ्या असलेल्या वस्तूंकडे यंत्रणा बहुतांशी कानाडोळा करते. नव्या गाड्यांत कॅमेऱ्यामुळे परिस्थिती सुधारली आहे, तरी उत्पादकांच्या पुस्तिकांतला इशारा कायम आहे. शिवाय ब्रेकलाही मर्यादा आहे. या यंत्रणांसाठीच्या आयएसओ १५६२२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार महामार्गाच्या वेगात तिने वेग कमी करण्याचा सरासरी दर सेकंदाला सेकंदागणिक ३.५ मीटरपेक्षा जास्त नसावा. या दराने १२०च्या वेगातून पूर्ण थांबायला सुमारे १६० मीटर लागतात. चालकाने कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर त्याच्या निम्म्याहून कमी. पुढचा ट्रक ६०ने चालत असेल तर हाच दर आरामात पुरतो. समृद्धीवर बंद पडून उभा असलेला ट्रक दिसूनही गाडी हळू झाली नाही, ही तक्रार घेऊन येणाऱ्याला रडार बदलून देऊन उपयोग नाही. त्याला पुस्तिकेतले ते पान उघडून दाखवावे लागते.

असेच वळणांचे. कन्नडच्या औट्रम घाटात पुढची गाडी वळणाआड गेली की रडारच्या दृष्टीने ती नाहीशी होते, आणि यंत्रणा ठरवलेला वेग गाठू पाहते. घाटात ती बंदच ठेवायची असते. हंगामात पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतात. मागे लोंबणाऱ्या उसाचे टोक सर्वांत जवळ असते, पण लहर चांगली परतवते ती ट्रॉलीची लोखंडी चौकट, आणि ती उसाच्या बरीच पुढे असते. यंत्रणेने मोजलेले अंतर आणि खरे अंतर यांत मग जीवघेणा फरक पडू शकतो. अचानक आडवी घुसलेली दुचाकी उशिरा ओळखली जाणे हेही याच जातीचे.

हे सारे वगळून उरतो तो खरा बिघाड, आणि तिथे दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरच्या आधी डोळे लागतात. रडारच्या पुढ्यात काय आहे? लहर ४ मिलिमीटरची असल्यामुळे काही मिलिमीटरचा थरही तिला आडवा येतो, आणि पाणी तर तिला शोषून घेते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून आलेल्या गाडीच्या जाळीवर काळ्या मातीचा ओला गिलावा बसतो. रात्रीच्या प्रवासात किड्यांचा थर साचतो. दसऱ्याला गाडीची पूजा होते, झेंडूचा हार नेमका कंपनीच्या चिन्हावरून सोडला जातो आणि त्यावर पाणी शिंपडले जाते. ताज्या फुलांत पाणी भरपूर. हार काढला, मऊ ओल्या फडक्याने जाळी पुसली, गाडी बंद करून पुन्हा चालू केली की ‘सेन्सर झाकला आहे’ हा संदेश जातो. एवढ्यासाठी टोइंग व्हॅन बोलावली जाऊ नये, ही अपेक्षा गैर नाही.

हौसेने बसवलेल्या वस्तू जास्त त्रास देतात. बाजारात मिळणारे क्रोमचे चिन्ह मूळ चिन्हासारखेच दिसते, पण रडारपुढचे मूळ चिन्ह खास प्लॅस्टिकचे असते आणि त्याची धातूसारखी चकाकी लहरींना वाट देईल इतक्या विरळ थराची असते. साधे क्रोम त्यांना परतवून लावते. बंपरगार्ड तर वाहतुकीच्या नियमांनीही चालत नाही, आणि रडारपुढे आलेली त्याची लोखंडी नळी यंत्रणेला आंधळे करते. नंबरप्लेटची जाड चौकट, जाळीमागे ठोकलेला जादा हॉर्न, त्यासाठी वाकवलेली पट्टी : हे सारे पाहून घ्यावे.

डेंटिंग-पेंटिंग हा वेगळा अध्याय आहे. रडारसमोरच्या बंपरच्या प्लॅस्टिकची जाडी लहरी विनाअडथळा पार जाव्यात अशा हिशेबाने ठरवलेली असते. ओरखडा बुजवायला पेंटरने तिथे लांबी भरली, वर चंदेरी रंगाचे दोन-तीन हात मारले, की तो हिशेब विस्कटतो. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमची बारीक चकती असते. थर वाढला की ती आरशासारखी वागते. बाहेरून काम देखणे दिसते आणि समृद्धीवर चढल्यावर यंत्रणा कधी पुढचा ट्रक उशिरा पाहते, कधी मोकळ्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक लावते. रडारसमोरचा भाग दुरुस्त न करता बंपर बदलावा, असे अनेक उत्पादक सांगतात ते यासाठीच. गाडीच्या इतिहासात ‘मागच्या महिन्यात जरासे घासले होते’ हे वाक्य आले की निम्मे निदान झालेले असते.

यानंतर बॅटरी, आणि मगच स्कॅनर. इंजिन बंद असताना बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १४च्या आसपास दिसायला हवेत. व्होल्टेज कोसळले की आधी नाजूक युनिटे गप्प होतात, आणि बाकीची युनिटे ‘अमुकाशी संपर्क तुटला’ अशी तक्रार नोंदवून ठेवतात. गाडी जंप स्टार्ट केल्यावर असे डझनभर कोड साठलेले दिसतात. ते दोषाचे नसतात, एका अशक्त सकाळचे असतात. ते टिपून पुसावेत, गाडी चालवावी आणि कोणते परत येतात ते पाहावे. टिपण्याआधी पुसणे ही मात्र घोडचूक. कोडबरोबर साठलेली त्या क्षणाचा वेग, व्होल्टेज, ब्रेकची स्थिती ही माहितीही पुसली जाते, आणि अधूनमधून येणाऱ्या दोषाचा तोच एकमेव पुरावा असतो.

स्कॅन फक्त रडार युनिटचा न करता सगळ्या युनिटांचा करावा. कोडच्या पहिल्या इंग्रजी अक्षरावरून घर कळते : पी म्हणजे इंजिन-गिअर, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे जाळ्यावरचे बोलणे. रडार युनिटमध्ये यू ०१२१ सापडला तर त्याचा अर्थ ‘एबीएस युनिटशी संपर्क नाही’ असा आहे. रडारच्या नावावर नोंद असली तरी बोट एबीएसकडे, म्हणजे ब्रेकच्या युनिटकडे आहे. उलट इंजिन किंवा एबीएसच्या युनिटात यू ०२३५ असेल, तर रडारकडूनच उत्तर येत नाही, आणि तिथे रडारचा फ्यूज, कपलर आणि अर्थिंग तपासायचे.

स्कॅनरशिवायही एक प्रश्न बराच गुंता सोडवतो : आणखी काय बंद आहे? टक्कर टाळण्यासाठी आपोआप लागणारा ब्रेक हा बहुतेक गाड्यांत याच रडार-कॅमेऱ्यावर चालतो. क्रूझबरोबर त्याचाही दिवा लागला असेल तर दोष पुढच्या डोळ्यांत आहे, किंवा दोघांना मिळून लागणाऱ्या खबरीत. तो ब्रेक शाबूत असून एकटे क्रूझ रुसले असेल तर स्टिअरिंगवरची बटणे, ब्रेक स्विच किंवा इंजिन यांच्याकडे वळावे. बटणांसोबत हॉर्न आणि आवाजाची बटणेही मेली असतील तर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे बटणांपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, बहुधा तुटलेली असते. आणि एबीएस, ट्रॅक्शन, चढावर धरून ठेवणारा ब्रेक असे दिवे एकदम लागले, तर एखाद्या चाकाच्या वेग-सेन्सरपासून सुरुवात करावी.

ब्रेक स्विचबद्दल थोडे अधिक, कारण एवढ्या स्वस्त भागामुळे एवढी महागडी यंत्रणा अडल्याचे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. ब्रेकच्या पेडलवरच्या या स्विचमध्ये सहसा दोन संपर्क असतात. पेडल दाबले की एक जुळतो, दुसरा सुटतो. क्रूझ दोन्ही पाहते आणि दोन्ही उलट सांगत आहेत का हे ताडते. एक जरी झिजला तरी पी ०५७१ किंवा पी ०५०४ यांसारखा कोड पडतो आणि क्रूझ चालू व्हायला नकार देते. चालकाला वाटते रडार गेले. प्रत्यक्षात मागचे ब्रेकलाइट पुष्कळदा एकतर लागत नसतात, किंवा विझत नसतात. भिंतीजवळ गाडी उभी करून मागच्या उजेडावर लक्ष ठेवले तरी कळते. स्कॅनरच्या चालू माहितीत दोन्ही संपर्क शेजारी ठेवून पेडल अगदी सावकाश दाबले, तर दोन्ही कोणत्या क्षणी पलटतात ते दिसते, आणि झिजलेला स्विच इथे पकडला जातो.

चाकांच्या सेन्सरची चालू माहितीही अशीच बोलकी असते. सरळ रस्त्यावर ४०च्या वेगाने चारही चाकांचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एक आकडा मधेच शून्य होत असेल तर वायर तुटायला आली आहे किंवा सेन्सरवर लोखंडी कचरा चिकटला आहे. एक आकडा कायम थोडा जास्त असेल तर ते टायर झिजलेले, कमी हवेचे किंवा वेगळ्या मापाचे आहे.

वायरिंग हा या भागात कंटाळवाणा पण फलदायी शोध असतो. शेताजवळच्या घरापुढे उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर वायर कुरतडतात, पावसाळ्यात कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात. कॅनच्या दोन तारांची प्रकृती साध्या मल्टिमीटरने पाहता येते : बॅटरी काढून निदानाच्या सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांत सुमारे ६० ओहम आले तर जाळे धड आहे, १२० आले तर एका टोकाचा रोधक सुटला आहे, शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. नव्या गाड्यांत सॉकेट आणि आतले जाळे यांच्यामध्ये गेटवे हे मधले युनिट असते. तिथे ही मोजणी वायरिंगच्या आकृतीवरून पुढे जाऊन करावी लागते.

एवढे सगळे निर्दोष निघाले तर रडारची दिशा पाहायची. एक अंश सरकलेले रडार १०० मीटरवर पावणेदोन मीटर बाजूला पाहते. महामार्गाची लेन पावणेचार मीटरची. म्हणजे शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्या वाटेत दिसू लागतो आणि आपल्या पुढचा निसटतो. ‘शेजारून गाडी गेली की उगाच ब्रेक लागतो’ या तक्रारीमागे बहुधा हे असते. पार्किंगमध्ये कोणीतरी हलकेच टेकवलेला बंपर परत आपल्या जागी येतो, ओरखडाही दिसत नाही, पण आतला रडारचा कंस वाकलेला राहतो. मागच्या डिकीत जड सामान भरले की गाडीचे नाक वर होते आणि रडार पुलांच्या कठड्यांकडे पाहू लागते. थोडा फरक यंत्रणा स्वतः दुरुस्त करते. मर्यादेबाहेर गेला की कोड नोंदवून थांबते.

या दिशेच्या जुळवणीला कॅलिब्रेशन म्हणतात, आणि तिच्या आधी चाकांचे अलाइनमेंट व्हायलाच हवे. रडार ज्या रेषेला समांतर ठेवायचे, ती रेषा मागची चाके ठरवतात. रस्त्यालगतच्या दुकानात अलाइनमेंट करून घेतल्यावर स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणण्याचे काम अनेकदा राहून जाते. मग सरळ रस्त्यावरही यंत्रणेला गाडी किंचित वळते आहे असे वाटत राहते. टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी, जमीन सपाट, आणि उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर ठेवलेला परावर्तक अशी उभ्या गाडीच्या जुळवणीची तयारी. पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी रॅकच्या गर्दीत ती धड होत नाही. लहरी भलत्याच वस्तूंवरून परततात. काही गाड्यांत जुळवणी चालत्या गाडीत होते : स्कॅनर जोडून ठरावीक वेगाने, ठळक रेषा असलेल्या रस्त्यावर गाडी न्यायची, आणि यंत्रणा कडेच्या स्थिर वस्तू पाहून स्वतःची दिशा शिकते. खडा लागून पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन वेगळे. ते न करता गाडी परत देणारा काचवाला काम अर्धेच करतो. उन्हात तासन्तास उभ्या गाडीतला कॅमेरा तापून थोडा वेळ बंद राहणे मात्र दोषात मोडत नाही. गाडी थंड झाली की तो परततो.

रडारचे युनिट बदलायची वेळ येते ती वीज, अर्थिंग, जाळे आणि दिशा हे सगळे ठीक असून त्याच्या स्वतःच्या आत दोष असल्याचा कोड पुसल्यावर लगेच परतत असेल तेव्हा. नवे युनिट बसवले तरी ते त्या गाडीच्या नावे नोंदवावे लागते आणि कॅलिब्रेशन पुन्हा करावे लागते. काम झाल्यावरची चाचणी दिवसा, कमी वर्दळीच्या वेळी, पाय ब्रेकवर तयार ठेवून घ्यायची : आधी पुढे काही नसताना वेग टिकतो का, मग पुढच्या चालत्या वाहनामागे अंतर टिकते का, मग शेजारून ट्रक जात असताना गाडी शांत राहते का. परतल्यावर सगळ्या युनिटांचा स्कॅन पुन्हा घेऊन तो आधीच्या स्कॅनसोबत जॉबकार्डला जोडायचा.